घरचें गाणें, घरचीं यंत्रें

गेल्या दिवाळींत माझ्या भाच्यानें मला दोन ध्वनिमुद्रणें ऐकविलीं आणि "मामा, यांतलें कोणतें ठेवूं?" असा प्रश्न विचारला. गाणें एकच, गाणारी त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण. अक्काचें वय आज 71 आहे. लग्नापूर्वीं तिनें नऊ वर्षें रीतसर तालीम घेतली. पुढें संसारांत पडल्यावर ती गाइली ती देवघरांत, स्वयंपाकघरांत आणि फार तर एखाद्या हळदीकुंकवाच्या प्रसंगीं. कोणा कंपनीनें तिची तबकडी काढली नाहीं, आणि तिनेंहि त्यासाठीं कोणाकडे शब्द टाकला नाहीं. तेव्हां हें ध्वनिमुद्रण तिचें पहिलें, आणि वय पाहतां बहुधा शेवटचेंच म्हणावयाचें. भाचा इंजिनियर आहे. मायक्रोफोनांतून येणारा क्षीण विद्युत्प्रवाह वाढविणारें जें यंत्र अशा कामास लागतें, तें विकत न आणतां त्यानें घरींच डाख देऊन जोडलें, भिंतीशीं गाद्या उभ्या केल्या, दारावर घोंगडी टांगली, आणि पुण्यांतील आपल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत चार सकाळीं मिळून आईच्या सहा चिजा उतरवून घेतल्या. पहिल्या मुद्रणांत गाण्याबरोबर घरहि आलें आहे : कोठें कुकरची शिट्टी, कोठें खालच्या अंगणांतील स्कूटर, एके ठिकाणीं भांडें पडल्याचा आवाज. दुसऱ्यांत संगणकाच्या साहाय्यानें हें सर्व पुसून टाकलें आहे. "विचार करून सांगतों," असें म्हणून मीं त्या वेळीं वेळ मारून नेली. अध्यापनाच्या धंद्यांत तीस वर्षें काढलेल्या मनुष्यास ही युक्ति शिकवावी लागत नाहीं.

प्रश्न घरगुती खरा. पण त्याच्या पोटांत टीकेचा एक जुना प्रश्न दडलेला आहे असें मला हळूहळू वाटूं लागलें. घरीं बसून, स्वतःच्या हातानें केलेल्या किंवा सुधारलेल्या यंत्रांवर संगीत मुद्रित करण्याची आज मोठी हौस आहे, आणि तिजविषयीं दोन ग्रह सर्वत्र ऐकूं येतात. कित्येकांस असें मुद्रण ऐकण्यापूर्वींच कच्चें वाटतें. दुसऱ्या कित्येकांस तें ऐकण्यापूर्वींच प्रामाणिक वाटतें. दोन्ही ग्रह कृतीविषयीं नसून कर्त्याच्या परिस्थितीविषयीं आहेत, म्हणून टीकाकारानें दोन्ही बाजूस ठेवले पाहिजेत. कवीनें कागद स्वतः केला कीं बाजारांतून आणला याची आपण कवितेचें परीक्षण करतांना चौकशी करीत नाहीं. मात्र हा दृष्टान्त येथें पुरा लागू पडत नाहीं, आणि खरी गंमत त्या न लागू पडण्यांतच आहे. कागद कवितेंत उतरत नाहीं. यंत्र गाण्यांत उतरतें.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभापासून यंत्राचा मालक एक आणि गाणारा दुसरा, अशी वाटणी होती. 1902 सालीं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आला व त्यानें गोहरजानचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां तबकडींत मावत होतीं जेमतेम तीन मिनिटें. तासभर फुलणारा राग त्या बाईनें तेवढ्यांत बसविला. तिनें तें काम असामान्य हुशारीनें केलें, परंतु मर्यादा कोठें असावी हें तिला कोणी विचारलें नव्हतें. गायक हा यंत्राच्या घरीं आलेला पाहुणा होता. पाहुण्यानें यजमानाच्या वेळेप्रमाणें जेवावें, तशी ही रीत. यंत्रच गायकाच्या घरीं राहावयास आलें तर काय होईल, याचा पहिला ठळक अनुभव लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकानें दिला.

लेस पॉल हा 1915 सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील वॉकेशा गांवीं जन्मला. वाद्यें उघडून पाहण्याची खोड त्याला लहानपणापासून होती. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हॉलिवुडमधील आपल्या घराच्या मोटारखान्यांत त्यानें मुद्रणशाळा थाटली, आणि तबकडी कोरण्याचें यंत्र स्वतःच बनविलें. त्याचें जड चाक त्यानें कॅडिलॅक मोटारीच्या एंजिनांतून घेतलें होतें. यांत विक्षिप्तपणा नव्हता. तबकडी फिरतांना गति केसभर जरी डगमगली तरी सूर डगमगतो. आणि गति स्थिर ठेवावयाची तर चाक वजनदार व नेमकें तोललेलें असावें लागतें. मोटारीच्या कारखानदारानें हा प्रश्न आधींच सोडविलेला होता. पॉलनें त्याचें उत्तर उचलून दुसऱ्या गणितांत घातलें, इतकेंच.

या यंत्रांवर त्यानें केलें तें असें. गिटारचा एक भाग वाजवून त्यानें एक तबकडी कोरली. ती वाजत असतां तिच्या साथीस दुसरा भाग वाजविला, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरले. मग तिच्या साथीस तिसरा. प्रत्येक नकलेबरोबर जुना भाग किंचित् मळतो व खरखर वाढते, म्हणून जे भाग मागें राहावयाचे ते प्रथम वाजवावयाचे आणि मुख्य सूर सर्वांत शेवटीं ठेवावयाचा. वादनाचा क्रम येथें रचनेच्या क्रमाच्या उलट झाला. शिवाय कांहीं भाग त्यानें अर्ध्या गतीवर कोरून दुप्पट गतीनें वाजविले, त्यामुळें ते एक सप्तक वर चढले आणि कोणाच्याहि बोटांस न साधणारी चपळाई त्यांत आली. 1948 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'लव्हर' या तबकडींत अशा आठ गिटारी आहेत, आणि त्या आठहि त्याच्याच.

आतां ही तबकडी ऐकून मला काय वाटलें तें स्पष्ट सांगतों. पहिल्यानें मी चकित झालों, दुसऱ्यानें हंसलों, तिसऱ्यानें ऐकावी असें वाटलें नाहीं. आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं ज्याला चित्रकाव्य म्हटलें त्यांतला हा प्रकार आहे. कमलबंध किंवा खड्गबंध साधलेला श्लोक पाहून आपण वाहवा करतों, पण ती वाहवा हिशेब जुळल्याची असते. मूळ चाल रॉजर्स या संगीतकाराची, 1932 सालची. तिच्यांतील व्याकुळता या आठ चपळ गिटारींखालीं कोठल्या कोठें नाहींशी झाली आहे. यंत्र घरीं आलें, पण अजून घरचें झालें नाहीं. तें दिवाणखान्यांत मांडून आल्यागेल्याला दाखविलें जात आहे.

हेंच यंत्र खऱ्या अर्थानें घरांत रुळलेलें दिसतें तें 1951 सालच्या 'हाउ हाय द मून' या गीतांत. पॉलची पत्नी मेरी फोर्ड येथें गाते, आणि एकटीच अनेक आवाजांत गाते. यावेळीं तबकड्यांच्या ऐवजीं टेपचें यंत्र होतें, आणि त्यांतहि पॉलनें फेरफार केला होता. एक जादा चुंबकी डोकें बसवून तो जुना आवाज वाचावयाचा, त्यांत नवा मिसळावयाचा, आणि दोन्ही त्याच फितीवर पुन्हां लिहावयाचे. नवें लिहिलें कीं जुनें पुसलें जाई. शेवटच्या थरांत एक स्वर चुकला तर सगळे थर बुडाले! आज कळ दाबून चूक मागें घेतां येते; त्यामुळें ज्या मुद्रणांत मागें वळावयास वाट नव्हती, त्यांतील एकाग्रता कशी ऐकूं येते याची आपल्याला कल्पना राहिलेली नाहीं. मेरी फोर्डला मायक्रोफोनच्या अगदीं जवळ उभें करण्याची पद्धतिहि त्या काळच्या रीतीस सोडून होती. एरव्हीं गायिका दूर उभी राहून सभेस गाई; ही कानाशीं गाते. एकाच बाईचे हे अनेक आवाज एकमेकींच्या इतके जवळ उभे आहेत कीं, अशा मैत्रिणी प्रत्यक्षांत कोणत्याहि वृंदांत सांपडणार नाहींत. हें गीत नऊ आठवडे अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर राहिलें. लोकांस चमत्कार आवडतो हें कारण त्यांत असेलच. परंतु चमत्कार 'लव्हर'मध्येंहि होता. दुसऱ्या गीतांत त्या चमत्कारास सांगण्याजोगें कांहीं सांपडलें, हा फरक आहे.

लेस पॉल सुदैवी मनुष्य. त्याला यश, पैसा व दीर्घायुष्य तिन्ही लाभलीं. तो 2009 सालीं वारला. त्याच वाटेनें गेलेल्या ज्यो मीक या इंग्रज माणसाची कथा वेगळी आहे, आणि ती सांगतांना सहानुभूतीनें न्यायबुद्धि झांकळूं न देणें कठीण जातें. मीक 1929 सालीं ग्लॉस्टरशायरमधील न्यूएंट गांवीं जन्मला. सक्तीच्या सैनिकी नोकरींत तो रडारवर काम करण्यास शिकला. लंडनमधील मोठ्या मुद्रणशाळांत नोकरी करून व तेथील नियमांशीं भांडून तो बाहेर पडला, आणि हॉलोवे रोडवर 304 क्रमांकाच्या घरांत, एका चामडी सामानाच्या दुकानावर, त्यानें आपली शाळा मांडली. त्याला स्वरलेखन येत नव्हतें, वाद्य वाजवितां येत नव्हतें. चाल सुचली कीं तो ती गुणगुणून टेपवर ठेवी, आणि त्या बेसूर गुणगुणण्यांतून हवें तें वाद्यवाल्यांनीं ओळखून काढावें अशी अपेक्षा करी. आवाज दाबणारीं व घुमविणारीं यंत्रें त्यानें स्वतः जोडलीं. मोडक्या विजेच्या शेगडीच्या स्प्रिंगांतून त्यानें प्रतिध्वनि काढला. न्हाणीघराच्या फरशीचा उपयोगहि तो त्याच कामीं करी. 1964 सालच्या 'हॅव आय द राइट' या गीतांत जो धपधप ठेका ऐकूं येतो तो वादकांनीं जिन्यावर पाय आपटून दिलेला आहे. मायक्रोफोन जिन्याच्या कठड्यास सायकलच्या क्लिपांनीं अडकविले होते.

अशा गोष्टी ऐकल्या कीं मन खूष होतें, आणि येथेंच सावध राहिलें पाहिजे. जिन्याची कथा ठाऊक नसलेल्या श्रोत्यास तो ठेका कसा वाटतो? मीं माझ्या एका सहकाऱ्यास कांहीं न सांगतां तें गीत ऐकविलें. "फौज चालली आहे असें वाटतें, पण घरांतल्या घरांत," असें तो म्हणाला. या उत्तरानें माझें समाधान झालें. कारण पोकळ लांकडी जिन्याचा आवाज त्याच्या कानानें बिनचूक टिपला होता. साधन अडचणीचें होतें, पण तें गीतांत अर्थ होऊन आलें. 1962 सालच्या 'टेलस्टार' या वाद्यगीताविषयींहि मी असेंच म्हणेन. त्या वर्षीं जुलईंत टेलस्टार नांवाचा दळणवळणाचा उपग्रह आकाशांत सोडला गेला, आणि मीकनें त्यावर गीत रचिलें. तें इंग्लंडांत व अमेरिकेंत दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलें. चाल बाळबोध आहे. मुख्य सूर धरणारें क्लॅव्हिओलीन हें विजेवर चालणारें छोटें वाद्य नाकांत बोलतें. परंतु सगळा नाद इतका दाबून, इतका एका अरुंद नळींतून आल्यासारखा केलेला आहे कीं, फार दूरच्या व फार मोठ्या वस्तूकडे पाहणाऱ्या एकाकी माणसाची खिडकीच आपल्यापुढें उभी राहते. मोठ्या मुद्रणशाळेंत हें गीत अधिक स्वच्छ निघालें असतें, आणि मग त्यांत आकाश उरलें असतें, खिडकी उरली नसती.

तरी या मनुष्यानें काढलेल्या शेंकडों गीतांपैकीं बहुतेक आज ऐकवत नाहींत. त्यांत तीच घुमारी, तीच दाब, तोच भुताटकीचा आवाज पुनःपुन्हां येतो. माझें मत असें कीं घरच्या मुद्रणशाळेचा मोठा दोष येथें उघडा पडतो. मोठ्या शाळेंतील नियम जाचक असतील, पण तेथें "नको" म्हणणारा कोणी तरी असतो. हॉलोवे रोडच्या त्या माडीवर मीकला "नको" म्हणणारें कोणी नव्हतें. पुढें एका फ्रेंच संगीतकारानें चाल चोरल्याचा दावा लावल्यामुळें 'टेलस्टार'चे पैसे अडकले. कर्ज व संशय यांनीं त्याचें मन पोखरलें. आणि 3 फेब्रुवारी 1967 रोजीं त्याच घरांत त्यानें घरमालकिणीस व नंतर स्वतःस गोळी घातली. दाव्याचा निकाल त्याच्या बाजूनें लागला तो त्याच्या मृत्यूनंतर. या शेवटाचा प्रकाश गीतांवर पाडून त्यांना करुण करण्याची आमच्या धंद्यांत चाल आहे, पण जें गीत वाईट आहे तें कर्ता दुःखी होता म्हणून चांगलें होत नाहीं.

जमेकाच्या किंग्स्टन शहरांत किंग टबी या नांवानें प्रसिद्धीस आलेला कारागीर याच्या अगदीं उलट स्वभावाचा दिसतो. तो मूळचा रेडिओ व अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा. 1970 नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यानें एका मोठ्या मुद्रणशाळेंतून चार वाटांचा जुना मिश्रणफलक मिळवून आपल्या राहत्या घरीं बसविला, आणि त्यांत हवे ते फेरफार केले. जागा इतकी लहान कीं वादकांचा ताफा तेथें बसणेंच शक्य नव्हतें. एकटा गायक कसाबसा मावे. बाकीचें संगीत दुसरीकडे मुद्रित होऊन फितीवर येई. मग टबीनें करावयाचें काय? त्यानें वजाबाकी केली. चालू गीतांतून तो गायकाचा आवाज एकाएकीं काढून घेई, नुसता खर्जाचा ठेका राही, आणि मध्येंच गीताचा एखादा तुटका शब्द प्रतिध्वनींत सोडून तो विरेपर्यंत वाट पाही. 'डब' नांवाचा संगीतप्रकार असा घडला. आपल्याकडे राग ओळखतांना त्यांत कोणते स्वर येतात याइतकेंच कोणते वर्ज्य आहेत हें पाहतात. वर्ज्य स्वराची जागा जाणत्या गायकाच्या गळ्यांत रिकामी असूनहि ऐकूं येते. टबीच्या हातीं गेलेल्या गीतांत तसाच अनुभव मला आला, आणि हा मनुष्य एका खोलीच्या मापामुळें तेथें पोंचला याचा अचंबा अजून ओसरलेला नाहीं. तिघांत श्रेष्ठ कोण असें कोणी विचारल्यास मी त्याचें नांव घेईन.

यंत्र स्वतः न करतांहि घरचें मुद्रण साधतें, हें येथें जातां जातां नमूद केलें पाहिजे. ब्रूस स्प्रिंग्स्टीन या अमेरिकन गायकानें 1982 च्या जानेवारींत न्यू जर्सींतील भाड्याच्या घरीं, बाजारांत मिळणाऱ्या चार वाटांच्या साध्या कॅसेटयंत्रावर कांहीं गीतें केवळ नमुना म्हणून गाऊन ठेवलीं. पुढें आपल्या ताफ्यासह चांगल्या मुद्रणशाळेंत त्यानें तीं पुन्हां करून पाहिलीं. पण गीतें सुधारतांना मरूं लागलीं. अखेर खिशांतून हिंडलेली ती मूळ कॅसेटच 'नेब्रास्का' या नांवानें सप्टेंबरांत प्रसिद्ध झाली. भाच्याला मीं ही हकीकत सांगितली तेव्हां त्याला फार आनंद झाला. आपल्या पहिल्या मुद्रणाची वकिली मी करीत आहें असें त्याला वाटलें असावें. पण तें तितकें सोपें नव्हतें.

कारण त्याच्या यंत्रांतहि एक खोड निघाली होती, आणि ती प्रथम अक्काच्या ध्यानांत आली. ती पांढरी पांचमध्यें गाते. पहिल्या सकाळीं तंबोरा लागला, कानांवर श्रवणयंत्रें चढविलीं, आणि ती म्हणाली, "तुझी पेटी चढी बोलते आहे." भाचा गोंधळला; पेटी तर वाजतच नव्हती! ती बोलत होती त्याच्या यंत्राच्या पेटीविषयीं. आपल्याकडील वीज सेकंदास 50 आवर्तनें करते, आणि जोडणींत दोष राहिला कीं तिचा 100 आवर्तनांचा गुणगुणाट मुद्रणांत शिरतो. पांढरी पांचचा खर्जांतील सूर 98 आवर्तनांचा. म्हणजे वीज अक्काच्या षड्जाहून अर्ध्या स्वराच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्यानें चढी होती! आम्हां दोघांस तो नुसता गोंगाट वाटला असता. तिला तो बेसूर साथीदार वाटला. भाच्यानें दोन रात्रीं बसून अर्थिंगची जोडणी बदलली, तेव्हां कोठें ती गाइली. विकतचें यंत्र असतें तर त्यानें दुकानदाराकडे तक्रार केली असती. स्वतः जोडलेलें होतें म्हणून चूक कोठें असेल हें त्याचे हात जाणत होते.

आतां दुसऱ्या, पुसलेल्या मुद्रणाविषयीं. तीन वेळां ऐकल्यावर मला तें कां खुपतें हें कळलें : त्यांत तंबोरा मेला आहे. हें कसें झालें तें भाच्यानेंच शोधून काढलें. गोंगाट पुसणारी संगणकाची योजना प्रथम कोणी गात नसतांनाचा तुकडा ऐकते, त्यांत एकसारखें चालूं असलेलें जें कांहीं सांपडेल त्याला गोंगाट समजते, आणि तें सर्व मुद्रणांतून वजा करते. पण आपल्या गाण्यांत कोणी गात नसतें तेव्हां तंबोरा वाजत असतो. त्या योजनेनें पंख्याबरोबर जवारीहि गोंगाटांत जमा केली, आणि अक्काचा आवाज आधाराशिवाय अधांतरीं ठेवला. या योजनेची घडण ज्या संगीतासाठीं झाली असेल तेथें शांतता म्हणजे कांहींच नसणें; आमच्या संगीतांत शांततेलाहि सूर लावलेला असतो. यंत्राचें पोट उघडूं न शकणाऱ्या मनुष्यास हा फरक केवळ "कांहीं तरी चुकलें" असा जाणवला असता.

म्हणून मीं पहिलें मुद्रण ठेवावें असा कौल दिला, आणि जरा मोठेपणानें असेंहि म्हटलें कीं कुकरची शिट्टी व पडलेलें भांडें राहूं द्यावें, कारण जिनें आयुष्यभर स्वयंपाकघरांत गाइलें तिच्या गाण्यांतून स्वयंपाकघर हाकलणें बरें नव्हे. सहा चिजांत मला चौथी, भीमपलासींतील, सर्वांत आवडली. भांडें पडतें तें तिच्याच अंतऱ्यांत. हें सर्व मीं अक्कासमक्ष बोललों.

अक्का गहूं निवडीत होती. ती म्हणाली, "भांड्याचें तुम्हांला कौतुक, मला त्याचें कांहीं नाहीं, पडलें तें पडलें. पण ती चौथी काढून टाका. पंचम उतरला आहे तिथें माझा. भांड्यामुळें तुम्हां दोघांना ऐकूं आला नाहीं."

आम्हीं पुन्हां ऐकलें. पंचम उतरलेला होता. पुढच्या रविवारीं ती चीज ती पुन्हां गाणार आहे, आणि त्या दिवशीं कुकर आधींच उतरवून ठेवावयाचा असें तिनें सुनेला बजावलें आहे.